मोरी गुडगुडली की आईचे हात गार का पडतात

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या घरात दारातून आलं नाही, न्हाणीच्या मोरीतून आलं. सांगलीच्या गावभागात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. नदी फुगली की गटारं उलटी वाहायला लागतात आणि पुढचा रस्ता कोरडा असतानाच घरातली मोरी बोलू लागते. त्या रात्री अडीचच्या सुमाराला न्हाणीतून गुडगुड ऐकू आली. आईला वाटलं, वरच्यांनी बादली ओतली. दिवा लावून बघते तर मोरीच्या जाळीतून काळं पाणी वर येत होतं आणि कपड्याच्या साबणाची वडी त्यात हळूहळू गोल फिरत होती. तासाभरात पाऊल बुडालं, उजाडेपर्यंत गुडघा. आम्ही सामान २००५ च्या पुराच्या खुणेवर चढवून ठेवलं होतं आणि निर्धास्त होतो. २००५ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं. या वेळी ते ५७ फुटांच्या पुढे गेलं. माळ्यावरचे तांदूळ, वडिलांचे फोटो, माझी पदवीची कागदपत्रं, काही उरलं नाही. तिसऱ्या दिवशी आम्हाला बोटीतून बाहेर काढलं.

घर पुन्हा उभं राहिलं. चिखल उपसला, भिंती वाळल्या, रंग दिला. आईचं मात्र एक बदललं ते बदललंच. वरच्या मजल्यावर कुणी धुणं धुतलं आणि आमच्या पाइपात गुडगुड झाली की तिच्या हातातलं काम थांबतं. लाटणं पोळीवर तसंच राहतं. बोटं गार पडतात. मे महिन्याच्या दुपारी, बाहेर ऊन रणरणत असताना, मी तिचा हात धरून बघितलाय, माठातून काढल्यासारखा गार. "काही नाही गं, उगीच," असं ती म्हणते आणि पुन्हा लाटायला लागते. नातेवाईक म्हणतात, मन घट्ट करा. कुणी म्हणतं, वय झालं आता.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. दरवर्षी फळ्यावर 'अभिजात अभिसंधान' असं लिहिते, खाली कुत्रा, घंटा आणि लाळेची आकृती काढते, आणि मुलं ती परीक्षेपुरती पाठ करतात. तोच धडा आमच्या न्हाणीत घडला होता, हे माझ्या ध्यानात यायला बरेच दिवस गेले. तो नीट उलगडून सांगावा असं वाटतं. कृष्णाकाठच्या कितीतरी घरांत आईसारखी माणसं आहेत आणि त्यांना रोज कुणीतरी भित्रं ठरवतंय. त्यांच्या शरीराने काय केलंय हे कळलं तर निदान तो शब्द तरी मागे घेतला जाईल.

सुरुवात त्या कुत्र्यापासूनच करू. इव्हान पावलॉव्ह हा रशियन शास्त्रज्ञ मुळात पचनसंस्थेचा अभ्यास करणारा. १९०४ चं नोबेल पारितोषिक त्याला पचनावरच्या कामासाठीच मिळालं. कुत्र्यांच्या तोंडात अन्न पडलं की किती लाळ सुटते, हे तो मोजत होता. मोजमापात एक अडचण येऊ लागली. अन्न पुढे येण्याआधीच, ते आणणाऱ्या माणसाच्या नुसत्या चाहुलीने कुत्र्यांना लाळ सुटायची. दुसऱ्या कुणी ही कटकट मानून बाजूला सारली असती. पावलॉव्हने उरलेलं आयुष्य तिच्यामागे घातलं. त्याने मेट्रोनोमची, म्हणजे संगीतात ताल धरायला वापरतात त्या यंत्राची, टिकटिक ऐकवायची आणि लगेच अन्न द्यायचं असं पुन्हा पुन्हा केलं. पुढे नुसत्या टिकटिकीने लाळ सुटू लागली. पुस्तकांत घंटा प्रसिद्ध झाली असली तरी त्याच्या प्रयोगांत मेट्रोनोमसारखी साधनं जास्त होती.

आता हेच आमच्या न्हाणीत आणून बसवा. अंधारात घरात पाणी चढतंय, जीव धोक्यात आहे, अशा वेळी छाती धडधडायला कुणी शिकवावं लागत नाही. ती जन्मजात गोष्ट. मोरीच्या गुडगुडीला मात्र स्वतःचा काही अर्थ नव्हता. पण ती आधी झाली आणि पाणी मागून आलं. शरीराने दोन्हींची गाठ मारली. यापुढे गुडगुड झाली की पाण्याची वाट न बघता छाती धडधडणार, हात गार पडणार. हे गार पडणंही उगाच नाही. धोक्याच्या वेळी शरीर रक्त कातडीकडून काढून मोठ्या स्नायूंकडे वळवतं, पळता यावं म्हणून. आईची बोटं गार पडतात तेव्हा तिचं शरीर तिला उचलून न्यायची तयारी करत असतं.

वर्गात एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, पावलॉव्हच्या कुत्र्याला किती वेळा शिकवावं लागलं, आणि माणूस एकाच रात्रीत कसा शिकतो?" प्रश्न अगदी बरोबर होता. लाळेसारख्या गोष्टीला बऱ्याच जोड्या लागतात. भीतीला, प्रसंग मोठा असेल तर, एकच पुरते. ज्या चुकीत जीव जाऊ शकतो ती दहा वेळा करून शिकायची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. रोजच्या ओळखीचा आवाज एरवी भीतीशी सहज जोडला जात नाही, हेही खरं. आधीच्या निर्धोक अनुभवांचा त्याला आधार असतो. पण रात्री अडीचला, घरातलं सगळं पाणी बंद असताना आलेली ती गुडगुड रोजची नव्हती.

पावलॉव्हच्या आयुष्यातली एक गोष्ट पाठ्यपुस्तकात नाही, आणि सांगलीकरांनी तर ती ऐकलीच पाहिजे. त्याची प्रयोगशाळा लेनिनग्राडला होती, नेवा नदीच्या शहरात. २३ सप्टेंबर १९२४ ला समुद्राकडून वादळ आलं, नेवेचं पाणी मागे फिरलं आणि शहर बुडालं. कुत्री प्रयोगशाळेपासून काही अंतरावरच्या घरांत, पिंजऱ्यांत कोंडलेली होती. पाणी चढत गेलं. पिंजऱ्यांची दारं खाली, पाण्यात बुडालेली, आणि कुत्री वरच्या उरलेल्या हवेत नाक काढून पोहत होती. माणसं कशीबशी पोचली तेव्हा बाहेर काढण्यासाठी काही कुत्र्यांची डोकी आधी पाण्याखाली दाबून दारातून ओढावी लागली. मग वादळात, लाटांतून, थोडी थोडी करून त्यांना पोहत मुख्य इमारतीकडे आणलं. एरवी एकमेकांवर गुरगुरणारी ती कुत्री तिथे एकमेकांना चिकटून गप्प बसून राहिली.

पूर ओसरल्यावर प्रयोग पुन्हा सुरू झाले तेव्हा काही कुत्री बदललेली होती. महिनोन् महिने शिकवलेलं सगळं त्यांच्यातून गेल्यासारखं झालं होतं. टिकटिकीला लाळ नाही, अन्न पुढे ठेवलं तरी तोंड लावायचं नाही. हळूहळू, कित्येक आठवड्यांनी, ती पूर्ववत होत आली. मग पावलॉव्हच्या लोकांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. बरा झालेला एक कुत्रा प्रयोगाच्या खोलीत नेहमीसारखा उभा असताना त्यांनी दाराखालून पाण्याची एक बारीक धार आत सोडली. आवाज नव्हता, वादळ नव्हतं, फरशीवर सरकणारं थोडंसं पाणी. कुत्रा ताडकन उठला, धापा टाकू लागला, चौथऱ्यावरून उडी मारायला धडपडू लागला. आणि जे परत आलं होतं ते शिकवलेलं सगळं पुन्हा गेलं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. दाराखालून पाण्याची एक धार. शंभर वर्षांपूर्वीची, हजारो मैलांवरची, दुसऱ्याच नदीची. पण ती आमच्या न्हाणीतली गुडगुडच होती. कुत्र्याला कुणी म्हटलं नाही की मन घट्ट कर.

माणसाच्या बाबतीतला सगळ्यात गाजलेला प्रयोग याच्या चार वर्षं आधीचा आहे, आणि तो शिकवताना मला दरवर्षी त्रास होतो. जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी अमेरिकेत बाल्टिमोरला एका तान्ह्या मुलावर तो केला. १९२० मध्ये छापला. त्यात मुलाचं नाव अल्बर्ट असं दिलंय. नऊ महिन्यांचा असताना त्याला पांढरा उंदीर, ससा, कुत्रा, माकड, कापूस दाखवला. तो कशालाच भ्यायला नाही. भीती वाटायची ती एकाच गोष्टीची, डोक्यामागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारला की होणाऱ्या आवाजाची. अकरा महिन्यांचा झाल्यावर त्याला उंदीर दाखवायचा आणि तो हात लावायला गेला की मागून दांडा वाजवायचा, असं केलं. दोन बैठकांत मिळून सात वेळा. त्यानंतर नुसता उंदीर समोर ठेवला तर मूल रडलं आणि रांगत इतक्या जोरात पळालं की टेबलाच्या कडेवरून पडण्याआधी त्याला धरावं लागलं.

पाच दिवसांनी बघितलं तर तो सशालाही भीत होता. कुत्र्यालाही, सीलच्या केसाळ कोटालाही. उंदराची भीती उंदरापाशी थांबली नव्हती. यासाठी पाठ्यपुस्तकात 'सामान्यीकरण' असा शब्द आहे, पण मी वर्गात तो नंतर सांगते. आधी मुलांना विचारते, दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून का पितो? दूध आणि ताक दोन्ही पांढरी, दोन्ही वाटीत. फरक तपासत बसायला वेळ नसतो तेव्हा शरीर सारखेपणावर निर्णय घेतं. आमच्याकडेही मोरीपासून सुरू झालेलं पुढे बेसिनच्या पाइपाला लागलं, मग गच्चीवरची टाकी भरण्याच्या आवाजाला.

अल्बर्टची भीती घालवण्याचा प्रयत्न कुणी केला नाही. मूल तिथून निघून गेलं आणि प्रयोग संपला. आज असा प्रयोग कोणतीही नैतिक समिती होऊ देणार नाही. शास्त्र म्हणूनही तो फार पक्का नव्हता, एकच मूल आणि निरीक्षणंही ढोबळ. तरी भीतीची गाठ मारता येते हे लोकांच्या मनावर ठसलं ते त्या मुलामुळे. त्याचे उपकार मानावेत की त्याची क्षमा मागावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

इथवर वाचून असं वाटेल की दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या की गाठ पडली. बरीच वर्षं शास्त्रज्ञांनाही तसंच वाटत होतं. १९६८ मध्ये रॉबर्ट रेस्कोर्ला याने उंदरांवर एक नेमका प्रयोग केला. काही उंदरांना आवाज झाल्यावरच विजेचा झटका बसायचा. दुसऱ्या उंदरांना आवाजाबरोबर तेवढेच झटके बसले, पण आवाज नसतानाही तितक्याच प्रमाणात बसत राहिले. जोड्या दोघांच्याही सारख्या. तरी आवाजाला घाबरायला शिकले ते पहिलेच. दुसऱ्यांसाठी आवाजात काही खबर नव्हती; झटका आवाज झाला तरी येणार, न झाला तरी येणार.

या सगळ्या विषयात मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. भीती शिकणं म्हणजे अंदाज बांधायला शिकणं. मेंदू सतत विचारत असतो, यावरून पुढचं काही कळतं का? कळत असेल तर तो ते धरून ठेवतो. सांगलीत पावसाळ्यात आपण सगळे हेच करतो. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, आयर्विनला किती फूट झालं, चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. आईचं शरीरही तेच करतं, फक्त त्याच्याकडे फूटपट्टी नाही, एक गुडगुड आहे. आणि अंदाज उलट्या बाजूनेही चुकतो. २००५ ची भिंतीवरची खूण आम्हाला 'इथवरच' असं सांगत होती. तिच्यावर विसंबून आम्ही भ्यायलो नाही, आणि तिथे भ्यायला हवं होतं.

कशाचीही गाठ कशाशीही पडत नाही, हेही सांगायला हवं. मी सहावीत असताना एका लग्नात सीताफळाची रबडी खाल्ली आणि रात्री उलट्या झाल्या. रबडीचा काही दोष नव्हता, घरात सगळ्यांनाच ती साथ होती. पण आजही सीताफळाच्या वासाने पोटात ढवळतं. त्या मांडवातल्या सनईने मात्र ढवळत नाही. सनईही तितक्याच वेळ कानावर होती. जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांनी १९६६ मध्ये उंदरांत हेच दाखवलं. पोट बिघडलं तर उंदीर चवीला दोष देतात, पायाला झटका बसला तर उजेड आणि आवाजाला.

सापाची गोष्टही अशीच. सुसान मिनेका आणि मायकेल कुक यांनी प्रयोगशाळेत जन्मलेली, साप कधी न पाहिलेली माकडं घेतली. ती सापाला भीत नव्हती. त्यांना दुसरं माकड घाबरल्याची चित्रफीत दाखवली. त्यात ते खेळण्यातल्या सापाला घाबरतंय असं दिसलं तर बघणारी माकडं सापाला भ्यायला शिकली. तीच घाबरगुंडी फुलांसमोर जोडून दाखवली तर फुलांना भ्यायला शिकली नाहीत. आणि ज्या माकडांनी आधी न घाबरणारी माकडं सापाजवळ पाहिली होती, त्यांच्यावर पुढे घाबरणाऱ्या माकडाचा परिणाम बराच कमी झाला. हे वाचताना मला आपल्याच जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा आठवतं. न्यायालयाच्या आदेशांनंतर तिथल्या नागपंचमीचं रूप आता बदललंय, पण जुन्या पिढीतली मुलं मोठ्यांना नागाजवळ शांतपणे वावरताना बघत वाढली. नाग तितकाच विषारी होता. लेकरं बघत होती ती मोठ्यांच्या चेहऱ्याकडे.

म्हणून आता आई गप्प झाली की मी माझ्या लेकीकडेही बघते. ती सात वर्षांची आहे, तिला पूर आठवतही नाही. पण आजीचा चेहरा ती रोज पाहते.

आता तो प्रश्न, जो मला घरात सगळ्यात जास्त ऐकू येतो. "अगं, तुला कळतंय ना पाणी येत नाहीये? मग?" आईला कळतं. नदीची पातळी पंधरा फुटांवर आहे हे तिने सकाळी पेपरात वाचलेलं असतं. तरीही हात गार पडतात. याचं उत्तर १९९५ मधल्या एका अभ्यासात फार स्वच्छ मिळतं. आंत्वान बेशारा, अँटोनियो डमासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूला इजा झालेले काही रुग्ण तपासले. त्यांना रंगीत चित्रं दाखवायची आणि एका ठरावीक रंगानंतर जोराचा भोंगा वाजवायचा. तळहाताला येणारा सूक्ष्म घाम मोजायचा. मनातली धास्ती तिथे उमटते.

एका रुग्णाच्या मेंदूत अमिग्डाला हा भाग दोन्ही बाजूंना निकामी होता. बदामाएवढा, कानशिलांच्या आत खोलवर असलेला. कोणत्या रंगानंतर भोंगा वाजतो हे ती व्यक्ती बिनचूक सांगायची, पण तो रंग दिसला तरी तळहात कोरडा. दुसऱ्या रुग्णाचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे घडलेल्या गोष्टी लक्षात ठेवायला मदत करणारा भाग, निकामी होता. त्याला कोणता रंग, काय झालं, काही सांगता येईना. पण रंग दिसला की तळहाताला घाम. म्हणजे 'माहीत असणं' एकीकडे आणि 'शरीराने धास्तावणं' दुसरीकडे. निरोगी मेंदूत दोन्ही एकत्र चालतात म्हणून आपल्याला ते एकच वाटतं. आईला समजावणारे सगळे तिच्या माहितीशी बोलत असतात. माहिती तिच्याकडे आधीपासूनच आहे.

अमिग्डालाला 'भीतीचं केंद्र' म्हणून मोकळं व्हायची सवय आता फार झालीय, ती मला पटत नाही. ज्यांनी त्यावर आयुष्यभर काम केलं त्या जोसेफ लेडू यांनीच पुढे बजावलं की तो भाग धोक्याला शरीर कसं उत्तर देतं ते सांभाळतो. 'मला भीती वाटतेय' हा अनुभव त्याहून मोठ्या जाळ्यातून तयार होतो.

मग ही गाठ सुटते का?

पावलॉव्हने हेही पाहिलं होतं. टिकटिक करत राहायचं पण अन्न द्यायचं नाही. लाळ कमी कमी होत थांबते. याला 'विलोपन' म्हणतात. काही काळ जाऊ दिला आणि पुन्हा टिकटिक केली तर लाळ परत येते. पुसलं गेलं असतं तर परत कुठून आलं असतं? आज बहुतेक संशोधक असं मानतात की जुनी गाठ तशीच राहते, तिच्या शेजारी नवं शिकणं उभं राहतं. 'गुडगुड म्हणजे पूर' याच्या बाजूला 'गुडगुड म्हणजे कधी कधी काहीच नाही' हे दुसरं वाक्य. कोणत्या वेळी कोणतं वाक्य वर येईल हे जागेवर, ऋतूवर, प्रसंगावर ठरतं. मार्क बूटन यांनी उंदरांवर हे अनेकदा दाखवलं. एका पिंजऱ्यात भीती शिकवली, दुसऱ्या पिंजऱ्यात ती घालवली, आणि पहिल्या पिंजऱ्यात परत नेलं की भीती परत हजर.

पुरानंतर आम्ही पाच महिने विश्रामबागेत मामाकडे होतो. तिथेही न्हाणी होती, तिथली मोरीही गुडगुडायची. पहिले काही दिवस आई दचकायची, नंतर दचकेनाशी झाली. आम्हाला वाटलं, गेलं. गावभागात परत आल्यावर पहिल्याच रात्री ती उठून न्हाणीत जाऊन उभी राहिली. मग २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेलं, आणि जे थोडं ओसरलं होतं तेही परत भरलं. तेव्हा मी तिच्यावर चिडले होते, हे कबूल केलं पाहिजे. विषय शिकवणारी असून चिडले.

बरं होण्याच्या वाटेवर भीती परत येते, आणि ते इतकं नेहमीचं आहे की उपचारांच्या अगदी पहिल्या गाजलेल्या नोंदीतही ते आहे. १९२४ मध्येच, लेनिनग्राडच्या पुराच्याच वर्षी, मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या पावणेतीन वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. तो सशाला भ्यायचा. त्यांनी न घाबरणाऱ्या मुलांबरोबर त्याला बसवलं, सशाचा पिंजरा लांब ठेवला, रोज थोडा जवळ आणला. सुधारणा होत असतानाच पीटरला स्कार्लेट फिव्हर झाला, तो दोन महिने दवाखान्यात राहिला, आणि घरी जाताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर आला. भीती पुन्हा पहिल्यासारखी. जोन्स यांनी पुन्हा लांबून सुरुवात केली, या वेळी तो आवडीचं खात असताना. शेवटी तो सशाला आपली बोटं कुरतडू द्यायचा.

आमच्या घरात आडकाठी होती ती एका बोळ्याची. २०१९ नंतर आई जून लागला की रोज रात्री मोरीत जुन्या लुगड्याचा बोळा दाबून, त्यावर पाटा ठेवून झोपायची. पाट्याने पूर थांबत नाही हे तिलाही ठाऊक होतं. पण त्याने आवाज दबायचा आणि तिला झोप लागायची. अडचण अशी की त्यामुळे गुडगुड होऊनही काही झालं नाही, हे तिच्या शरीराने कधी ऐकलंच नाही. सकाळी सगळं ठीक असलं की श्रेय पाट्याला जायचं. टाळण्याने भीती शाबूत राहते ती अशी, आणि टाळणाऱ्याला दर वेळी वाटतं की आपण वाचलो ते टाळल्यामुळे.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका समुपदेशकाकडे जाऊन रीतसर सुरुवात केली. भीती जुनी आणि खोल असेल, झोप जात असेल, तर हे एकट्याने करू नये. जवळ कुणी नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. आमची पहिली पायरी फार छोटी होती. दिवसा, नदी खाली असताना, लेक वरच्या मजल्यावरून एक तांब्या पाणी सोडणार आणि आई स्वयंपाकघरात बसून ऐकणार. त्याआधी आईने तोंडाने सांगायचं, आता काय होईल असं वाटतंय. "पाणी वर येईल." मग ऐकायचं. मग उठून जाळीकडे बघायचं. पुढे बादली. पुढे न्हाणीच्या दारात उभं राहून. पुढे रात्री. जागा बदलत, वेळ बदलत, म्हणजे नवं शिकलेलं एकाच कोपऱ्यात अडकून राहणार नाही. काही दिवस हात गार पडले, काही दिवस नाही. एकदा ती मध्येच उठून गेली आणि दोन दिवस बोलली नाही.

तिची भीती पार जावी असं मला वाटतही नाही. सांगलीत मोरीची गुडगुड कधी कधी खरंच पुराची खबर असते. तिने ती ऐकली म्हणून आम्ही त्या रात्री जागे झालो. हवं आहे ते एवढंच की पंधरा फुटांची गुडगुड आणि बेचाळीस फुटांची गुडगुड तिच्या शरीराला वेगवेगळी ऐकू यावी. अल्बर्टला उंदीर आणि ससा वेगळे वाटायला हवे होते, तसं.

या जुलैत एका रात्री पाऊस लागून राहिला होता. वरच्यांनी उशिरा भांडी घासली आणि मोरी गुडगुडली. मी अंथरुणात जागी होते. आई उठली, न्हाणीपर्यंत गेली, दिवा लावला. बोळा खिडकीच्या कट्ट्यावर वाळलेला पडला होता. तिने त्याच्याकडे बघितलं, जाळीकडे बघितलं.

"किती फूट आहे गं आज?" तिने तिथूनच विचारलं.

"संध्याकाळी एकवीस होतं."

"मग हे वरचंच आहे," ती म्हणाली. पण दिवा तिने लगेच मालवला नाही. दारात उभी राहून पाइप शांत होईपर्यंत ऐकत राहिली.